मर्यादेचा हिशेब : ऑनलाइन जुगार, घरचा पैसा आणि आरोग्य



जमाखर्चाच्या आणि रुग्णसेवेच्या आकड्यांबरोबरच आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाचे सविस्तर विवेचन वार्षिक अहवालात असावे, हा जुना आणि उपयुक्त प्रघात आहे. मधुमेह, क्षयरोग, रक्तदान हे त्यातील नेहमीचे विषय. प्रस्तुत लेखात आम्ही एका वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे मोबाइलवर पैसे लावून खेळला जाणारा जुगार आणि त्याला मर्यादा घालण्याचा प्रश्न. ‘जुगाराचा आणि रुग्णालयाचा संबंध काय?’ असे काही वाचकांना वाटेल. मात्र मानसोपचार विभागात निद्रानाश, नैराश्य किंवा घरातील कलह या तक्रारी घेऊन येणाऱ्या काही कुटुंबांशी जरा निवांत बोलले की मुळाशी कर्ज निघते, आणि त्या कर्जाच्या मुळाशी हा खेळ निघतो.

अशा वेळी नातेवाइकांचा एक प्रश्न हमखास असतो : ‘डॉक्टर, त्याला महिन्याला ठराविक रक्कम दिली आणि तेवढ्यातच खेळ म्हटले, तर चालेल का?’ या प्रश्नाचे नीट उत्तर देणे हाच या लेखाचा हेतू आहे. त्याकरिता आधी खेळाचे अंकगणित, मग मर्यादेचे नियम आणि शेवटी मर्यादा कोणाच्या उपयोगी पडते व कोणाच्या नाही, या क्रमाने आपण जाऊ.

हा आजार आहे का?

अधूनमधून पैज लावणारा प्रत्येक मनुष्य आजारी नसतो, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. तथापि काही व्यक्तींच्या बाबतीत खेळ त्यांच्या ताब्यात न राहता त्या खेळाच्या ताब्यात जातात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाचव्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातही त्याचे स्थान व्यसनाधीन वर्तनाच्या विकारांतच आहे. या विकारात कोणताही पदार्थ शरीरात जात नाही. तरीही वाढत जाणारी मात्रा, थांबल्यावर होणारी तगमग आणि सोडण्याचे फसलेले प्रयत्न ही व्यसनाची लक्षणे यातही दिसतात.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त जुगाऱ्याच्याच व्यथेचे आहे. घरच्यांनी दूर लोटलेला, ऋणात बुडालेला आणि तरीही फाशांचा आवाज ऐकताच तिकडे ओढला जाणारा मनुष्य त्यात बोलतो. बदलले आहे ते साधन, आणि त्या साधनाचा वेग.

खेळाचे अंकगणित

कॅसिनोतील खेळ फसवे असतात म्हणून लोक हरतात, असा एक समज आहे. वस्तुस्थिती याहून अधिक बोधप्रद आहे. खेळ पूर्णतः प्रामाणिक असला तरी दीर्घकाळात खेळणारा हरतोच, कारण नफा खेळाच्या रचनेतच बसविलेला असतो.

रूलेट या खेळाचे उदाहरण घेऊ. युरोपीय पद्धतीच्या चाकावर शून्य ते ३६ असे ३७ खाने असतात. एका अंकावर १०० रुपये लावले आणि तो अंक आला, तर लावलेल्या रकमेच्या ३५ पट बक्षीस आणि मूळ १०० रुपये मिळून ३,६०० रुपये हाती येतात. आता समजा एखाद्याने सर्वच्या सर्व ३७ खान्यांवर प्रत्येकी १०० रुपये लावले. त्याचे ३,७०० रुपये खर्च होतील आणि अंक कोणताही आला तरी परत मिळतील ३,६००. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे चालकाचे. अमेरिकन पद्धतीच्या चाकावर शून्याचे दोन खाने असल्याने एकूण खाने ३८ होतात आणि हाच वाटा ५ रुपये २६ पैशांवर जातो.

स्लॉट मशीनच्या खेळात ‘९६ टक्के परतावा’ अशी जाहिरात आढळते. हजार रुपये घेऊन बसलो तर निदान ९६० तरी घेऊन उठू, असा तिचा अर्थ वाचक सहज करील. पण तो बरोबर नाही. हा परतावा खिशातून आणलेल्या रकमेवर नसून लावलेल्या प्रत्येक डावावर असतो. हजार रुपये एकवार पूर्ण लावून झाले की सरासरी ९६० उरतात. तेच पुन्हा लावले की सुमारे ९२२ उरतात. अशी दहा आवर्तने झाली की सुमारे ६६५ आणि वीस आवर्तने झाली की सुमारे ४४२. काही जणांना याहून अधिक मिळते, काहींचे सारेच जाते. परंतु सरासरीचा उतार कोणालाही चुकत नाही.

येथेच वेगाचा प्रश्न येतो. कॅसिनोच्या प्रत्यक्ष टेबलावर रूलेटचे चाक तासाला ४० वेळा फिरले असे धरू. प्रत्येक वेळी १० रुपये लावल्यास तासाभरात ४०० रुपये लागतात आणि सरासरी तोटा सुमारे ११ रुपये होतो. मोबाइलवरील स्लॉटचा डाव सहा सेकंदांत संपतो असे मानले, तर तासाला ६०० डाव होतात. तेच १० रुपये, पण लागतात ६,००० आणि जातात सरासरी २४० रुपये. डावाची रक्कम जराही न वाढवता तोटा वीसपटीहून अधिक झाला. जुन्या मुंबईच्या मटक्याने पुष्कळ घरे धुळीस मिळविली हे खरे. परंतु त्यालाही ‘ओपन’ आणि ‘क्लोज’च्या ठराविक वेळा होत्या. मोबाइलवरचा अड्डा रात्री तीन वाजताही उघडा असतो आणि पैसे भरायला घराबाहेर पडावे लागत नाही.

दोन लोकप्रिय समजुती

‘हरलो की पुढची रक्कम दुप्पट करायची; कधीतरी जिंकूच आणि सगळे वसूल होईल,’ ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १० रुपयांपासून आरंभ करून सलग दहा वेळा हरल्यास एकूण १०,२३० रुपये जातात. एवढे धाडस कशासाठी, तर प्रत्येक यशस्वी मालिकेअखेर मिळणाऱ्या निव्वळ १० रुपयांसाठी. युरोपीय रूलेटवर लाल किंवा काळ्या रंगावर खेळताना अशी सलग दहा हारींची मालिका सरासरी ७८४ प्रयत्नांत एकदा येते. उरलेल्या ७८३ वेळी मिळून हाती पडतात ७,८३० रुपये, आणि त्या एका वेळी जातात १०,२३०.

दुसरी समजूत अशी की, एखादा रंग बराच वेळ आला नाही म्हणजे आता त्याची पाळी आली. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. ‘आता लाल येणारच’ म्हणून लोक वाढत्या रकमा लावीत राहिले आणि फार मोठ्या प्रमाणावर हरले. चाकाला स्मरणशक्ती नसते. मागच्या डावांचे ऋण फेडण्याची जबाबदारी पुढच्या डावावर नसते.

यांच्याच जोडीला हल्ली ‘स्वागत बोनस’ आला आहे. १,००० रुपयांचा बोनस देताना तो तीसपट खेळल्याशिवाय काढता येणार नाही, अशी अट बारीक अक्षरांत असते. म्हणजे ३०,००० रुपयांचे डाव लावावे लागतात. शेकडा ४ रुपये तोटा धरला तर त्या खेळात सरासरी १,२०० रुपये जातात. भेट हजाराची आणि तिचे मोल बाराशे, असा हा व्यवहार आहे.

मर्यादा आखावयाची तर कशी?

येथे कायद्याची स्थिती सांगणे आवश्यक आहे. ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद बाजूला ठेवून पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ पुरविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैशाचे व्यवहार हाताळणे यांस हा कायदा मनाई करतो. खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. निव्वळ खेळणाऱ्यास शिक्षा नाही. यातील शेवटचा भाग कुटुंबांनी लक्षात ठेवावा. शिक्षेच्या भयाने उपचार टाळण्याचे कारण नाही. मात्र परदेशातून चालणाऱ्या छुप्या संकेतस्थळांवर गेलेला पैसा अडला, तर दाद मागायला जागा उरत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून भारतात राहणाऱ्या वाचकांसाठी ऑनलाइन जुगाराचा योग्य अर्थसंकल्प एकच : शून्य रुपये.

तरीही मर्यादेचे नियम जाणून घेणे निरुपयोगी नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले व आप्त अशा देशांत स्थायिक आहेत, जेथे हे खेळ परवान्याने चालतात. गोव्यातील कॅसिनोही तेथील कायद्यानुसारच उभे आहेत आणि आपल्याकडील पर्यटक तेथे जातात. अशांसाठी कॅनडातील तज्ज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक सूत्रे विचारात घेण्याजोगी आहेत. करपूर्व कौटुंबिक मासिक उत्पन्नाच्या १ टक्क्याहून अधिक रक्कम लावू नये. महिन्यातून ४ दिवसांहून अधिक खेळू नये. आणि दोनांहून अधिक प्रकारचे खेळ नियमित खेळू नयेत. तिन्ही सूत्रे एकत्र पाळावयाची आहेत. ४०,००० रुपये मासिक उत्पन्न असलेल्या घरास या हिशेबाने ४०० रुपयांची कमाल मर्यादा येते. ही कमाल मर्यादा आहे, खर्च करण्याची शिफारस नव्हे.

या सूत्रांस आम्ही व्यवहारातील काही पथ्ये जोडू इच्छितो. ही रक्कम नाटकाच्या तिकिटासारखी समजावी. पडदा पडल्यावर तिकिटाचे पैसे कोणी परत मागत नाही. ती किराणा, शाळेची फी, औषधे, हप्ते आणि बचत बाजूला काढल्यावरच काढावी. खेळण्याआधी, शांत चित्ताने, कागदावर लिहून ठरवावी. खेळताना ती बदलू नये. उसन्या पैशाने अथवा क्रेडिट कार्डाने कधीही खेळू नये. ब्रिटनने तर एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदीच घातली आहे. रकमेबरोबर वेळेचीही मर्यादा असावी, कारण वर पाहिल्याप्रमाणे तोटा वेळेबरोबर वाढतो. जिंकलेले पैसे पुन्हा डावात न लावता बाहेर काढावेत. आणि मद्यपान केले असताना, रागात किंवा दुःखात असताना खेळास हात लावू नये.

मर्यादा कोणाला लागू पडत नाही?

आता नातेवाइकांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. मर्यादा ही कुंपणासारखी असते. ज्याचे पाय अद्याप स्वतःच्या ताब्यात आहेत, त्याला कुंपण दिसते आणि तो थांबतो. ज्याला विकार जडला आहे, त्याचे थांबण्याचे सामर्थ्यच क्षीण झालेले असते. त्याच्या हाती ठराविक रक्कम देणे म्हणजे दारूच्या रुग्णास रोज एकच पेला मोजून देणे होय. अशा रुग्णास आम्ही पूर्ण विरामाचाच सल्ला देतो.

तो कसा ओळखावा? गेलेले पैसे परत मिळविण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळणे; तोच आनंद मिळावा म्हणून रक्कम वाढवीत नेणे; थांबल्यास चिडचिड व अस्वस्थता; खेळाविषयी घरी खोटे बोलणे; चिंता किंवा उदासी विसरण्यासाठी खेळणे; खेळापायी नोकरी, शिक्षण अथवा नाती धोक्यात येणे; आणि ‘या वेळी भागव, पुन्हा मागणार नाही’ म्हणून इतरांकडून पैसे घेणे, ही प्रमुख लक्षणे होत. वर उल्लेखिलेल्या २०१३ च्या वर्गीकरणात एकूण नऊ निकष आहेत आणि वर्षभरात त्यांपैकी चार आढळल्यास निदान केले जाते. स्वतः ठरविलेली मर्यादा पुन्हापुन्हा मोडली जात असेल, तर तीच सर्वांत सोपी चाचणी समजावी.

एक कमी ज्ञात बाब येथे नोंदवितो. कंपवाताच्या उपचारात दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होऊ शकते. आयुष्यभर पत्त्यांना न शिवलेले वडील वार्धक्यात एकाएकी मोबाइलवर पैसे लावू लागले, तर त्यांना दोष देण्याआधी डॉक्टरांना भेटावे. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

कुटुंबाने काय करावे?

महाभारतातील द्यूताची कथा सर्वांस ठाऊक आहे; परंतु तिचा एक भाग सहसा विस्मरणात जातो. युधिष्ठिराने पहिल्या द्यूतात सर्वस्व गमावले, तेव्हा द्रौपदीला वर देऊन धृतराष्ट्राने गेलेले सारे परत केले. राज्य मिळाले, ऋण फिटले. तथापि फाशांचे आमंत्रण पुन्हा येताच युधिष्ठिर पुन्हा खेळावयास बसला आणि या वेळी वनवास पदरी आला. तोट्याची भरपाई झाली होती, पण खेळणाऱ्यात बदल झाला नव्हता.

आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांत हीच कथा निराळ्या रूपाने घडते. आई दागिने गहाण ठेवते, वडील मुदत ठेव मोडतात, मुलाचे कर्ज एकरकमी फेडले जाते आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. काही महिन्यांनी नवे कर्ज उभे राहते. यात प्रेमाची उणीव नसते. उणीव असते ती उपचाराची. म्हणून आमची विनंती आहे की, कर्ज फेडण्याआधी उपचार सुरू करावेत. सर्व देण्यांची, हातउसन्यांसह, लेखी यादी करावी. परतफेड टप्प्याटप्प्याने आणि थेट धनकोस व्हावी; रोख रक्कम रुग्णाच्या हाती देऊ नये. नवे कर्ज काढून जुने फेडू नये.

रुग्णाच्या संमतीने काही काळ घरातील विश्वासू व्यक्तीने पैशाचा कारभार पाहावा. पगार ज्या खात्यात जमा होतो, ते यूपीआयपासून वेगळे ठेवावे. रोजच्या खर्चाचे छोटे खाते निराळे असावे. बँकेतील व्यवहारांच्या कमाल मर्यादा खाली आणाव्यात. झटपट कर्ज देणारी आणि खेळाची ॲप काढून टाकावीत. घराची कागदपत्रे व दागिने सुरक्षित ठेवावेत. परदेशी असलेल्या आप्तांनी तेथील स्वयंबहिष्काराच्या सोयी वापराव्यात. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप, स्वीडनमध्ये स्पेलपाउस आणि ऑस्ट्रेलियात २०२३ पासून बेटस्टॉप यांवर एकदा नाव नोंदविले की तेथील परवानाधारक ऑनलाइन चालकांचे दरवाजे त्या व्यक्तीस ठरलेल्या मुदतीपर्यंत बंद होतात.

हे सर्व करताना भाषा जपावी. ‘तू घर बुडविलेस’ हे वाक्य खरे असले तरी औषधाचे काम करीत नाही. लाज वाढली की खोटे वाढते, आणि खोटे वाढले की खेळ वाढतो. कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या व्यक्तीच्या मनात जीवनाविषयी निराशेचे विचार येण्याचा धोका मोठा असतो. तसे काही बोलणे कानी आल्यास ते धमकी मानून सोडून देऊ नये. त्या व्यक्तीस एकटे न ठेवता तत्काळ डॉक्टरांकडे आणावे. केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे.

उपचार आणि आशा

या विकारावर खात्रीची गोळी नाही. मुख्य उपचार संवादाचा आहे. कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत हात मोबाइलकडे जातो, हे रुग्णाने समुपदेशकासह शोधावयाचे. ‘आता येणारच’ यासारख्या चुकीच्या समजुती तपासून पाहावयाच्या. ओढ उफाळली असता ती ओसरेपर्यंत थांबण्याचा सराव करावयाचा, आणि रिकाम्या झालेल्या संध्याकाळी काम, व्यायाम व माणसे यांनी भरून काढावयाच्या. सोबत नैराश्य किंवा मद्याचे व्यसन असल्यास त्यावर औषधोपचार करावे लागतात. वाटेत एखादी घसरण होऊ शकते. ती अपयश न मानता पुढच्या भेटीत मोकळेपणे सांगावी. रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की कित्येक वर्षे रूलेटच्या आहारी गेले होते. १८७१ साली त्यांनी खेळ सोडला, आणि त्यांच्या काही मोठ्या कृती त्यानंतरच लिहिल्या गेल्या. सोडणे शक्य असते, याचे हे जुने प्रमाण आहे.

शेवटी आमच्या हितचिंतकांस एक नम्र निवेदन. नवे यंत्र आले की त्याचे छायाचित्र अहवालात देता येते. समुपदेशनाच्या तासाचे छायाचित्र देता येत नाही. बंद दाराआड एक रुग्ण, त्याची पत्नी आणि समुपदेशक एका वहीवर देण्यांची यादी लिहीत असतात, एवढेच त्याचे स्वरूप. पण त्या वहीतील शेवटची ओळ खोडली जाते, तेव्हा एक घर वाचलेले असते. आपल्या देणगीतून असे तासही उभे राहतात, याची कृतज्ञ जाणीव आम्हांस आहे. आपल्या परिचयातील एखादे कुटुंब या संकटात असेल, तर त्यास हा लेख वाचावयास द्यावा आणि संकोच न करता रुग्णालयात घेऊन यावे.